मॉनिटर राहू द्या, टेबल फिरवा

पत्र : मी पंचवटीत जुन्या वाड्यात राहते. वय ४७. अंबड-सातपूरच्या दोन-तीन छोट्या कारखान्यांचे आणि काही द्राक्ष व्यापाऱ्यांचे हिशेब, जीएसटीचं काम घरून करते. रोज सात-आठ तास कॉम्प्युटरसमोर जातात. आमच्या माजघरात भिंतीतलं सागवानी फडताळ आहे. मुलाने त्याची वरची दारं काढून मधल्या फळीवर २७ इंची मॉनिटर बसवून दिला. खालच्या कप्प्यात सीपीयू आणि यूपीएस ठेवले आणि धूळ जाऊ नये म्हणून त्याची दारं लावून घेतली. पुढे १८ इंच रुंदीची फळी ठोकून टेबल केलं. दिसायला फार छान झालं होतं. मार्चपासून मात्र दुपारी तीनच्या सुमाराला कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला. रिपेअरवाला म्हणाला, "गरम होतंय, मॉनिटर बाहेर ओढा." ओढला, तर तो नाकासमोर आला. मुलाने टेप लावून पाहिलं, डोळ्यांपासून १६ इंच. आत असताना २८ इंच होता. बंद पडणं तर थांबलं नाहीच, वर डोळ्यांची आग, मान आखडणं आणि संध्याकाळी डोकं दुखणं सुरू झालं. मला दोन वर्षांपासून प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. आमचे हे म्हणतात, मॉनिटर परत आत सरकव आणि फडताळात एक एक्झॉस्ट पंखा बसवून घेऊ. चष्म्याच्या दुकानात निळ्या काचेचा चष्मा घ्या म्हणाले. मुलगा म्हणतो, भिंतीवर मॉनिटर धरणारा आर्म बसवू. नेमकं किती अंतर ठेवायचं आणि मागे किती जागा सोडायची?
– सौ. म., पंचवटी, नाशिक

ताई, तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. आत ठेवावा तर तापतो, बाहेर ओढावा तर डोळ्यांवर येतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि घरात सल्लागार चार. बरं, चौघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, म्हणूनच गुंता वाढलाय.

मी पंचवीसेक वर्षं कॉम्प्युटर उघडून बसण्याचंच काम करतोय. त्यामुळे आधी बंद पडण्याचं बघू, कारण तुमच्या रिटर्नच्या तारखा त्यावर अवलंबून आहेत.

मॉनिटर बाहेर ओढूनही मशीन बंद पडतंच आहे, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. त्यातच उत्तर आहे. बंद पडतो तो सीपीयू, आणि तो बसलाय खालच्या कप्प्यात, दारं लावून. रिपेअरवाल्याने "गरम होतंय" हे बरोबर ओळखलं, पण ओढायला सांगितलं भलत्यालाच. २७ इंची एलईडी मॉनिटर साधारण २५ ते ३० वॅट वीज खातो. हिशेबाच्या कामाचा साधा सीपीयू चालू कामात ५० ते ८० वॅट खातो, आणि शेजारचा यूपीएस स्वतःची थोडी उष्णता त्यात घालतो. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे तुम्ही बंद कपाटात जुन्या काळचा ६० चा पिवळा बल्ब दिवसभर जळत ठेवलाय. तुमच्या ओळखीत कुणाची पोल्ट्री असेल तर विचारा. एवढ्याच बल्बखाली कोंबडीची पिल्लं उबेला ठेवतात.

सीपीयूच्या डब्यात हवा समोरच्या जाळीतून आत जाते आणि मागच्या पंख्यातून बाहेर पडते. तुमच्याकडे मागे आहे वाड्याची जाडजूड भिंत आणि पुढे आहे बंद दार. मागून निघालेली गरम हवा भिंतीला आपटते, वळते आणि पुढच्या जाळीतून पुन्हा आत जाते. पंखे जीव तोडून फिरतात, पण फिरवतात तीच हवा. चहा थंड करायला कपातून बशीत आणि बशीतून परत कपात ओतत राहावं, आणि सगळं बंद डब्यात चालू असावं, तसं.

दुपारी तीनच का? सकाळी नऊला तुम्ही बसता तेव्हा कप्पा गार असतो. भिंत हळूहळू उष्णता पिते, आणि एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असतो. वाड्याच्या भिंती माजघर गार ठेवतात हे खरं, पण तापलेला बंद कप्पा त्या तितक्याच जपून तापलेलाही ठेवतात. आतला प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या घरात पोचला की आधी आपला वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. आठवून बघा, बंद पडायच्या आधी अर्धा-पाऊण तास टॅली जड चालतं का, पंख्याचा आवाज चढतो का? चढत असेल तर निदान पक्कं.

उद्याच एक करा. पैसे लागत नाहीत. खालच्या कप्प्याची दारं सताड उघडी टाका, सीपीयू एक हात पुढे ओढा आणि दोन दिवस दुपारभर नेहमीचं काम करा. बंद पडला नाही तर चोर सापडला. तरीही पडला तर आतली धूळ बघायची. प्रोसेसरच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत धूळ बसून तिचा नमद्यासारखा थर होतो. सिंहस्थाच्या कामांनी शहरभर उडणारी धूळ आणि घरातली उदबत्ती, दोन्ही मिळून हा थर लवकर जमतो. रिपेअरवाल्याकडून ब्लोअर मारून घ्या. मारताना पंखा बोटाने किंवा पेन्सिलीने अडवून धरायला सांगा, नाहीतर तो वाऱ्याने गरागरा फिरून खराब होतो. प्रोसेसरची उष्णता त्या पात्यांत उतरवणारी थर्मल पेस्ट चार-पाच वर्षांची जुनी असेल तर तीही बदलून घ्या. तुरीच्या डाळीएवढी पुरते, आमच्याकडची काही पोरं श्रीखंड लावल्यासारखी फासतात. एवढं होऊनही बंद पडला तर पॉवर सप्लाय आणि यूपीएस तपासायचे. पॉवर सप्लायचा डबा आणि मॉनिटरची पाठ घरी कुणीही उघडायची नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, झटका बसण्याइतका चार्ज राहतो.

धूळ जाऊ नये म्हणून दार लावलं, हा मुलाचा विचार वाईट नव्हता. मागे पिंपळगावकडच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो होतो. पॅकिंगच्या शेडमधली धूळ लागू नये म्हणून त्यांनी सीपीयू थर्माकोलच्या खोक्यात ठेवला होता, वायरींपुरती भोकं पाडून. खोकं उघडलं तर आतून भट्टीसारखा झोत आला. मालक म्हणाले, "पण धूळ बघा, अजिबात नाही!" खरंच नव्हती. मदरबोर्डवरचे कपॅसिटर मात्र डोकं फुगवून बसले होते. या कपॅसिटरचा ठोकताळा असा, की दर १० अंश जास्त उष्णतेला आयुष्य निम्मं. यूपीएसच्या बॅटरीचंही जवळपास तेच गणित आहे, म्हणून तोही त्या कप्प्यातून बाहेर काढा आणि सीपीयूला चिकटवून ठेवू नका. दर एक-दीड वर्षाला बॅटरी बदलत असाल तर त्याचं कारणही बहुधा हाच कप्पा.

यजमानांच्या एक्झॉस्ट पंख्याबद्दल. पंखा हवा निर्माण करत नाही, इकडची तिकडे नेतो. फडताळाला मागे-वर कुठेच भोक नाही, मग तो आतली गरम हवा आतच ढवळेल आणि तुमच्या कानाशी दिवसभर घूं करेल. वाड्याच्या भिंतीला आरपार भोक पाडायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. माझा सल्ला विचाराल तर भिंतीला हात लावू नका. मुलाच्या आर्मबद्दलही हेच. विटा आणि मातीच्या जुन्या भिंतीत खिळा धरत नाही, आणि लांब आर्मच्या टोकाला पाच-सहा किलो लोंबकळले की फास्टनर मातीसकट बाहेर येतो. आर्म हवाच असेल तर टेबलाच्या मागच्या कडेला आवळून बसवायचा मिळतो, तो घ्या.

आता डोळ्यांकडे येऊ.

अंतर साधारण ५० ते ७५ सेंटीमीटर, म्हणजे २० ते ३० इंच. टेप शोधायची गरज नाही. खुर्चीत पाठ टेकून बसा आणि हात समोर सरळ करा, बोटांची टोकं पडद्याला जेमतेम लागली पाहिजेत. तुमचा मॉनिटर मोठा आहे, त्याला या पट्ट्याच्या लांबच्या टोकाला ठेवायचं, २६ ते २८ इंच. म्हणजे मुळात अंतर ठीकच होतं. चुकली ती जागा आणि उंची.

१६ इंचांवर काय होतं ते सांगतो. तुमचा पडदा जवळपास ६० सेंटीमीटर रुंद आहे. ४० सेंटीमीटरवरून बघताना तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ७० अंशांहून जास्त जागा व्यापतो, म्हणजे डावीकडच्या खात्याचं नाव वाचून उजवीकडची रक्कम बघायला मान वळवावी लागते. ७० सेंटीमीटरवर हेच ४५ अंशांच्या आसपास येतं, आणि नुसत्या डोळ्यांनी भागतं. शिवाय इतक्या जवळून पडद्याचा मध्य ४० सेंटीमीटरवर असतो आणि कडा ५० वर. तरुण डोळा हा फरक नकळत पचवतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळ-लांब करण्याची त्याची ऐपत कमी होते, आणि दोन्ही बुबुळं आत ओढून धरणारे स्नायूही दिवसभर ताणलेले राहतात. तुमची संध्याकाळची डोकेदुखी बहुधा यातूनच येते.

मान आखडते ती वेगळ्या कारणाने, आणि इथे चष्मा आणि फडताळ दोघे सामील आहेत. प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग लांबचं बघायला, अगदी खालचा वाचायला, आणि हातभर अंतराचा भाग मध्ये अरुंद पट्टीत असतो. फडताळाची मधली फळी उंच. पडदा स्पष्ट दिसावा म्हणून तुम्ही हनुवटी वर करता, कारण त्याशिवाय काचेचा योग्य भाग डोळ्यासमोर येतच नाही. पोथी वाचताना कुणी मान मागे टाकून बसतं का? तुम्ही सात तास तसंच बसता आहात. एकदा मुलाला बाजूने फोटो काढायला सांगा, तुम्हाला न सांगता. सगळं दिसेल.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी, असा सर्वसाधारण नियम. प्रोग्रेसिव्ह चष्मेवाल्यांनी आणखी दोन-तीन इंच खाली घ्यावी आणि पडदा किंचित मागे कलवावा, म्हणजे नजर त्यावर सरळ पडते. स्टँड याहून खाली जात नसेल तर खुर्ची उंच करा. पाय लोंबकळायला लागले तर पायाखाली पाट घ्या. वाड्यात पाटांना काय तोटा!

चष्म्याच्या दुकानात जाल तेव्हा निळ्या काचेचं नाव काढू नका, अंतराचं काढा. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवरच्या १७ चाचण्यांचा आढावा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०२३ साली घेतला. कॉम्प्युटरमुळे डोळ्यांना येणारा ताण त्यांनी कमी होतो असं त्यात दिसलं नाही. त्या पैशांत फक्त पडद्याच्या अंतराचा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्या. मात्र आधी नवी बैठक नक्की करा, मुलाला डोळ्यापासून पडद्यापर्यंत टेप लावायला सांगा आणि तो सेंटीमीटरचा आकडा कागदावर लिहून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. "कॉम्प्युटरसाठी" एवढंच सांगितलं तर समोरचा अंदाजाने नंबर देतो. तो चष्मा मॉनिटरपाशीच ठेवायचा, घालून जिना उतरायचा नाही. आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं, डोळा लाल होऊन जोरात दुखणं, एकाचे दोन दिसणं यातलं काहीही असेल तर टेबल-खुर्चीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग बसायचं कुठे? तुमचं अंतराचं भांडण आणि हवेचं भांडण एकाच गोष्टीवरून आहे, त्या १८ इंची फळीवरून. मॉनिटरच्या मागे हवा खेळायला चार-पाच इंच, मॉनिटरचा पाय सात-आठ इंच, त्याच्या पुढे कीबोर्ड, मनगटं टेकायला जागा आणि उघडी वही. १८ इंचांत हे बसणारच नाही. म्हणून फडताळ सोडा. सुताराकडून ३० इंच रुंद आणि ४ फूट लांब असं साधं टेबल करून घ्या आणि ते भिंतीला पाठ लावून ठेवण्याऐवजी काटकोनात ठेवा. टेबलाची अरुंद बाजू भिंतीला, मॉनिटरची पाठ मोकळ्या खोलीकडे. मागे चार इंच सोडा की सहा, हा प्रश्नच मिटतो.

माजघरातली खिडकी चौकाकडे उघडत असेल तर टेबल असं लावा, की खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. पाठीमागे आली तर पडद्यात खिडकीच दिसते. समोर आली तर तिच्या उजेडात डोळे बारीक करून बसावं लागतं. माजघरात येण्याजाण्याची वाट थोडी अडेल आणि यजमान कुरकुरतील, ते गृहीत धरा. हवं तर टेबलाला चाकं लावून घ्या.

सीपीयू टेबलाखाली, पण जमिनीवर ठेवू नका, केरसुणीची सगळी धूळ तिथेच जाते. सहा-आठ इंच उंचीचं स्टूल पुरे. पुढची जाळी मोकळी, मागे किमान वीतभर जागा. वर विणलेलं कव्हर घालत असाल तर काढा, ते फक्त मशीन बंद असताना घालायचं. महिन्यातून एकदा प्लग काढून, रंगाच्या कोरड्या ब्रशने पुढची जाळी झाडून घ्या. मॉनिटरच्या पाठीवरच्या फटीही त्याच ब्रशने झाडायच्या. पडदा मऊ कोरड्या कापडाने पुसा, काच पुसायचा स्प्रे त्यावर मारू नका.

मॉनिटर पाठीमागे कोमट लागतो म्हणून घाबरू नका, ते चालतं. हात पाच सेकंद ठेववत नसेल किंवा जळका वास आला तर बंद करा. त्याची उष्णता कमी करायचा एक फुकट उपाय तुमच्या हातात आहे. मॉनिटरची बहुतेक वीज पडद्यामागच्या दिव्यांत जाते आणि दुकानातून आलेला मॉनिटर भगभगीत उजेडावर लावलेला असतो. पडद्याशेजारी पांढरा कागद धरा. कागदापेक्षा पडदा दिव्यासारखा पेटलेला दिसत असेल तर ब्राइटनेस खाली आणा, दोघे सारखे दिसेपर्यंत. बहुतेकांचा ४०-५० वर येऊन थांबतो. डोळे निवतात आणि पाठही गार होते.

लांब बसल्यावर आकडे बारीक वाटतील आणि तुम्ही नकळत पुढे झुकाल. झुकू नका, अक्षरं मोठी करा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करा. २७ इंचांवर जागा भरपूर आहे, काही हरवत नाही. तुमचा पडदा १९२० बाय १०८० चा असेल तर जवळून अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात. साधारण मीटरभर अंतरावर ते ठिपके डोळ्याला वेगळे दिसेनासे होतात. म्हणजे थोडं मागे सरकण्यात तोटा नाहीच.

आग होण्याबद्दल एवढंच : एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो, पडद्याकडे बघताना ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. त्यात उन्हाळ्यात तुम्ही कूलर किंवा टेबलफॅन समोर लावून बसत असाल. तो झोत चेहऱ्यावरून काढून पायाकडे वळवा. दर वीस मिनिटांनी २० सेकंद चौकापलीकडे बघा, समोरच्या छपरावर कबुतरं बसलेली असतील तर ती मोजा.

आणि फडताळाची दारं पुन्हा लावून घ्या. जुन्या वह्या, पावत्या, रिटर्नच्या फायली त्यात ठेवा. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते का ते मात्र बघा, गोदाकाठच्या वाड्यांना ती धरतेच. तसं असेल तर फायली भिंतीपासून दोन बोटं सोडून लावा.